आल्याच्या बिअरला कोणतं यीस्ट घालावं? (बाटल्या फुटल्यानंतर विचारतोय)

वसनाकाठ, कोरेगाव | १० मार्च, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आमची दीड एकर आल्याची शेती. यंदा गाडीला भाव मिळेना म्हणून अर्धं रान अजून काढलेलं नाही. त्यामुळं घरात आलं भरपूर. दोन वर्षं झाली, मी घरापुरती आल्याची बिअर करतो. नाव बिअर असलं तरी मी तिला फसफसणारं आल्याचं सरबतच समजतो. पाहुणे आवडीनं पितात, पोरंही पितात.

माझं माप असं. दहा लिटर पाणी, तीनशे ग्रॅम सातारी आलं ठेचून, एक किलो साखर, आठ लिंबं. उकळायचं, गाळायचं, कोमट झालं की पावाचं यीस्ट अर्धा चमचा घालायचं, काचेच्या बाटल्यांत भरायचं. दोन दिवस बाहेर, मग फ्रीजमध्ये.

गेल्या मंगळवारी पहाटे दोन बाटल्या फुटल्या. फ्रीजमध्ये जागा नव्हती म्हणून सहा बाटल्या माजघरातल्या कोनाड्याखाली चार दिवस तशाच राहिल्या होत्या. काच समोरच्या लाकडी कपाटाच्या दारात रुतली, ती पकडीनं ओढून काढावी लागली. आई रोज पहाटे त्याच कोनाड्यातली काडेपेटी घ्यायला जाते. त्या दिवशी ती पाच मिनिटं उशिरा उठली. मला अजून झोप लागत नाही.

आता मुद्द्याचं. मला यीस्ट बदलायचंय. पावाच्या यीस्टनं ब्रेडसारखा वास येतो, तळाला गाळ बसत नाही, ओतलं की सगळं गढूळ. एक जण म्हणतो शॅम्पेनचं यीस्ट घाल, दुसरा म्हणतो बिअरचं एल यीस्ट घाल, तिसरा म्हणतो काहीच घालू नको, आल्याच्या सालीवरचं पुरतं. मला असं यीस्ट हवंय जे थोडी साखर खाऊन आपणहून थांबेल, म्हणजे गोडी राहील आणि बाटलीही राहील. असं कोणतं आहे?

---

शाहूपुरी_ओव्हन, सातारा | १० मार्च, रात्री १०.१५

दादा, आधी उरलेल्या चार बाटल्यांचं बघा. जाड गोणपाट टाका, डोळ्याला चष्मा लावा, हळूच उचलून फ्रीजमध्ये किंवा बर्फात ठेवा. गार झाल्याशिवाय झाकणाला हात लावू नका. यीस्टचं नंतर बोलू.

मी पाव आणि खारी करते, त्यामुळं पावाच्या यीस्टबद्दल सांगू शकते. ते निवडलेलंच असतं झपाट्यानं वायू सोडण्यासाठी. तासाभरात गोळा दुप्पट झाला पाहिजे, एवढंच त्याचं काम. तळाला बसावं, पेयाला चव चांगली यावी, यासाठी त्याला कुणी निवडलेलं नाही. भट्टीत गेलं की ते मरतं, त्यामुळं पुढं ते काय करतं हे आम्ही कधी बघतच नाही. तुमच्या बाटलीत मात्र ते जिवंत राहतं.

---

वसनाकाठ | १० मार्च, रात्री १०.५०

ताई, चारही बाटल्या बर्फाच्या टबात ठेवल्या. उद्या सकाळी उघडतो. धन्यवाद.

---

कराडकर_लीड्स | ११ मार्च, पहाटे २.२०

मी मूळचा कराडचा, सध्या लीड्सला. इथं सात वर्षं घरी बिअर करतोय. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरी पिण्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही, विकायची मात्र नाही. त्यामुळं यीस्टशी माझी रोजची ओळख आहे. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

यीस्ट निवडताना मी नावावर जात नाही. ज्या खोलीत भांडं ठेवणार, तिथं थर्मामीटर लावून दोन दिवस बघतो. मग त्या तापमानाला जे यीस्ट नीट वागेल ते घेतो. हे कळायला मला तीन वर्षं आणि बरीच बिअर घालवावी लागली.

पहिल्या वर्षी मी गव्हाच्या बिअरचं डब्ल्यूबी-०६ घेतलं आणि भांडं बॉयलरच्या कपाटात ठेवलं, उबेला. चौथ्या दिवशी झाकण उघडलं. वर फेसाची साय जमली होती, पिवळट, मध्ये तपकिरी ठिपके, आणि वास आला थेट पिकलेल्या वेलची केळ्याचा, त्याच्या मागं लवंगेचा. मला वाटलं काहीतरी सडलं. तर तो त्या यीस्टचा स्वभाव. जर्मन गव्हाच्या बिअरला हाच वास हवा असतो, फक्त माझ्याकडं उबेमुळं तो दुप्पट झाला होता. पाण्यात, धान्यात काहीच बदल न करता मी दुसरी खेप यूएस-०५ हे साधं एल यीस्ट घालून १९ अंशाला केली. केळं नाही, लवंग नाही, स्वच्छ चव. दूध तेच, विरजण बदललं की दही बदलतं, तसंच.

मोटामोटी असं धरा. बिअरचे दोन मोठे प्रकार, एल आणि लागर. एल यीस्ट १८ ते २२ अंशांत खूश असतं. लागर यीस्टला ८ ते १३ अंश लागतात, म्हणजे साताऱ्यात वेगळा फ्रीज असल्याशिवाय त्याचा विचारही करू नये. आणि लक्षात ठेवा, आंबणारं भांडं खोलीपेक्षा दोन ते पाच अंशांनी गरम असतं, कारण यीस्ट स्वतः उष्णता सोडतं. खोली २८ असली तर आतलं यीस्ट ३१-३२ अंशांत राबतंय. एवढ्या उष्णतेत साधं एल यीस्ट जड, झोंबरी मद्यार्कं तयार करतं, घशात लागतात आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरतं.

---

धागापाल | ११ मार्च, सकाळी ८.०५

चर्चा चांगली चाललीय, चालू द्या. एक गोष्ट सगळ्यांनी ध्यानात ठेवा. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू आहे. परवान्याशिवाय घरी बिअर किंवा कुठलीही दारू तयार करणं गुन्हा आहे, मग ती विकायची नसली तरी. कराडकर जे सांगतायत ते त्यांच्या देशातल्या कायद्यात बसतं, इथल्या नाही. या धाग्यावर आल्याच्या हलक्या पेयाबद्दल बोलू. बिअरची माहिती यीस्ट समजण्यापुरती ठेवू.

---

सूक्ष्मदर्शक, सांगली | ११ मार्च, दुपारी १.३०

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. वसनाकाठ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. थोडी साखर खाऊन आपणहून थांबणारं यीस्ट तुमच्या पेयासाठी नाही.

कारण सांगते. बिअरच्या यीस्टच्या पाकिटावर टक्केवारी लिहिलेली असते, ७५ टक्के, ८० टक्के वगैरे. ती वाचून लोकांना वाटतं की हे यीस्ट पाव हिस्सा साखर सोडून देतं. ती टक्केवारी बिअर ज्यापासून होते त्या जवाच्या काढ्याची आहे. त्या काढ्यात माल्टोज असतं, माल्टोट्रायोज असतं आणि मोठ्या साखळीची डेक्स्ट्रिन्स असतात, जी बहुतेक यीस्टना तोडता येत नाहीत. उरतं ते तेच. तुमच्या पातेल्यात फक्त ऊसाची साखर आहे. यीस्ट ती बाहेरच तोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं आणि दोन्ही संपेपर्यंत खातं. पावाचं असो, एलचं असो, शॅम्पेनचं असो, ऊसाच्या साखरेपुढं सगळ्यांची भूक सारखी.

आता हिशोब करू. एक ग्रॅम साखरेतून साधारण अर्धा ग्रॅम अल्कोहोल आणि अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. तुमच्याकडं लिटरला शंभर ग्रॅम साखर. ती पूर्ण आंबली तर एका लिटरमागं जवळपास पंचवीस लिटर वायू. दुकानातल्या सोडा-कोल्ड्रिंकच्या बाटलीत लिटरला साडेतीन-चार लिटर वायू असतो, आणि ती बाटली त्यासाठीच घडवलेली असते. तुमची काच किती टिकणार? आणि अल्कोहोल होतं साडेसहा टक्के, म्हणजे बाजारातल्या बऱ्याच बिअरपेक्षा जास्त.

छान फसफस यायला लिटरला आठ ग्रॅम साखर खर्ची पडली तरी पुरतं. तेवढ्यात अल्कोहोल होतं सुमारे अर्धा टक्का. अन्नसुरक्षेच्या नियमात अर्ध्या टक्क्याच्या वरचं पेय अल्कोहोलयुक्त धरतात, म्हणजे तुम्ही अगदी रेषेवर उभे आहात. एक दिवस जास्त राहिलं की पलीकडं. म्हणून मनापासून सांगते, पोरांना हे देऊ नका. त्यांच्यासाठी आल्याचा पाक करा आणि वर सोडा ओता. चव तीच, आंबवणं नाहीच.

थांबवायचं काम यीस्टवर सोपवू नका. ते थंडीनं करायचं, फ्रीजमध्ये ४ अंशांना. बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवून यीस्ट मारायचा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका, गरम केल्यावर दाब वाढतो आणि बाटली हातात फुटते.

---

वसनाकाठ | ११ मार्च, संध्याकाळी ७.१०

ताई, साडेसहा टक्के वाचून हातपाय गार पडले. पोरांचं आजपासून बंद. चारही बाटल्या सकाळी उघडल्या, बर्फात असूनही अर्धं पेय फेसात गेलं. चव घेतली, गोडी जवळजवळ नव्हती. तुमचा हिशोब बरोबर आहे.

मग यीस्ट कोणतंही घातलं तरी चालेल का? निवडायचं काहीच नाही?

---

द्राक्षबाग_तासगाव | ११ मार्च, रात्री ९.००

निवडायचं आहे, आणि शॅम्पेनचं नाही हे मी आधी सांगतो. मी काही वर्षं वाइनरीत तळघर सांभाळलं, आता घरची बाग आणि बेदाणा.

शॅम्पेन यीस्ट म्हणून जे विकतात ते बहुतेक ईसी-१११८ असतं. मोठं कणखर यीस्ट. १० अंशापासून ३० अंशापर्यंत चालतं, अठरा टक्के अल्कोहोल सोसतं, आंबवण अडलं की वाइनरीत आम्ही यालाच हाक मारायचो. ते असं विष सोडतं की आजूबाजूची कमजोर यीस्टं मरतात. म्हणजे न थांबणारं यीस्ट हवं असेल तर हे घ्या. तुम्हाला थांबणारं हवंय. गार कोपऱ्यात ठेवलेल्या बाटलीतही हे निवांत काम करत राहील. फ्रीजची लाइट गेली तर सगळ्यात आधी हेच जागं होणार.

दुसरं. आल्याच्या बिअरमध्ये मूठभर बेदाणा घाला, त्यावर यीस्ट असतं, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. आमच्याकडचा बेदाणा कसा होतो ते ऐका. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतो, मग शेडमध्ये जाळीवर सुकवतो. रंग राहावा म्हणून गंधकाची धुरीही देतात. त्यातून कुठलं यीस्ट वाचणार? चवीला घाला, आमचाच माल खपेल. यीस्टसाठी नको.

---

निवृत्त_वाई | १२ मार्च, सकाळी ६.४५

सगळं वाचलं. माझा प्रश्न साधा आहे. आपण दह्याला बाजारातून पाकीट आणत नाही. काल लावलेल्यातलं चमचाभर विरजण ठेवतो. डोसा, आंबोळी, इडली, सगळं आपापलं आंबतं. मग आल्याला पाकिटातलं यीस्ट कशाला? न सोललेलं आलं किसून साखरपाण्यात ठेवलं तर पाच-सहा दिवसांत फसफसतं, मी स्वतः पाहिलंय.

---

सूक्ष्मदर्शक, सांगली | १२ मार्च, सकाळी १०.२०

काका, तुमचं म्हणणं शास्त्राला धरूनच आहे. इंग्लंडमध्ये आल्याच्या बिअरला पूर्वी असंच विरजण वापरत. साबुदाण्यासारखे पांढरट पारदर्शक दाणे, एका घरातून दुसऱ्या घरात जायचे. १८९२ साली हॅरी मार्शल वॉर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्या दाण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक यीस्ट आणि एक जिवाणू एकमेकांच्या आधारानं राहतात, हे त्यानं दाखवलं. जिवाणू भोवती चिकट आवरण तयार करतो, यीस्ट त्यात राहतं. त्यामुळं ते पेय थोडं आंबटही व्हायचं.

पण दही आणि हे यात एक फरक आहे. दह्याचे जिवाणू आम्ल करतात आणि त्या आम्लातच मंदावतात, वायू जवळजवळ नाहीच. दही पातेलं फोडत नाही. सालीवरचं यीस्ट कोणतं, किती, किती जोरात चालणार, हे दर खेपेला वेगळं. उघड्या बरणीत तो प्रयोग सुंदर आहे. बंद बाटलीत अंदाज न लागणारी गोष्ट मी भरणार नाही, विशेषतः जिथं नुकतीच काच उडालीय.

वसनाकाठ, तुमच्या आल्याला बेणेप्रक्रिया, आळवणी होत असणारच कंदकुजीसाठी, म्हणजे बेण्याला आणि मुळाशी बुरशीनाशक. बुरशीनाशक आणि यीस्ट यांचं जमत नाही, यीस्टही एक बुरशीच. तोही मुद्दा धरा.

---

वसनाकाठ | १२ मार्च, दुपारी २.३०

हो ताई, आळवणी झालीय, दोनदा. म्हणजे सालीवरचा विचार सोडला. पाकीट आणायचं ठरलं. कराडकर, मार्च आहे, माजघरात दुपारी २८-२९ दिसतंय. तुम्ही काय घ्याल?

---

कराडकर_लीड्स | १३ मार्च, पहाटे १.४०

दोन वाटा आहेत.

पहिली वाट, इंग्लिश एलचं एस-०४. हे काम झालं की एकत्र गोळा होऊन तळाशी घट्ट बसतं. बाटली तिरकी करा, गाळ हलत नाही, शेवटचा घोट सोडून सगळं नितळ ओतता येतं. तुमची गढूळपणाची तक्रार इथं संपते. थंडी लागली की इतरांपेक्षा लवकर सुस्तावतं. तुम्हाला याहून जास्त काय हवं? ब्रेडचा वास नाही, थोडा फळाचा गंध येतो, लिंबू-आल्याला शोभतो. अडचण एवढीच की त्याला २० अंश लागतात.

२० अंश कोरेगावात मार्चला मिळतात, थोडी खटपट केली तर. आमच्या कराडच्या घरी आई दुधाचं पातेलं घंगाळात ठेवायची, तेच करा. घंगाळात पाणी, मध्ये बाटल्या, बाटल्यांवर सुती ओलं फडकं, फडक्याची टोकं पाण्यात, समोर पंखा. हवा कोरडी असल्यामुळं माठासारखं काम होतं. त्यात बर्फ केलेल्या लहान बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदला.

दुसरी वाट, नॉर्वेचं क्वाइक. पश्चिम नॉर्वेतले शेतकरी पिढ्यान् पिढ्या हे यीस्ट जपत आलेत. बिअर झाली की फेस किंवा गाळ लाकडी कड्यांच्या माळेवर नाहीतर कापडावर लावून वाळवायचे, पुढच्या सणाला तीच माळ पातेल्यात सोडायची. निवृत्त काका, तुमच्या विरजणाचं हे सख्खं भावंड. वॉस नावाचं क्वाइक ३५ ते ४० अंशांना उत्तम चालतं, दोन-तीन दिवसांत उरकतं, आणि संत्र्याच्या सालीसारखा वास देतं. एप्रिल-मे मध्ये साताऱ्यात पंखा-बर्फ काही न करता चालणारं हे एकच. पण त्याला पोषण भरपूर लागतं. जवाच्या काढ्यात ते असतं, नुसत्या साखरपाण्यात नाही.

पोषणाचं सगळ्याच यीस्टना लागू आहे. यीस्टला साखरेबरोबर नायट्रोजन लागतं. नुसत्या साखरेवर ठेवलं तर गंधकाचा वास सोडतं. स्वस्त उपाय म्हणजे पावाचं यीस्ट चिमूटभर आल्याच्या पाण्यातच दहा मिनिटं उकळा. ते मरतं आणि नव्या यीस्टचं अन्न होतं.

आणि काच नको. कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकच्या बाटल्या घ्या. रोज दाबून बघा. बोट आत जातंय तोवर बाहेर ठेवा, नव्या सीलबंद बाटलीइतकी कडक लागली की लगेच फ्रीज. बोटाला जे कळतं ते काचेत कधीच कळत नाही.

दहा लिटरला एस-०४ तीन ग्रॅम पुरे. पाकीट साडेअकरा ग्रॅमचं असतं. उरलेलं हवा काढून चिकटपट्टी लावून फ्रीजमध्ये, आठवड्यात वापरून टाका.

---

शाहूपुरी_ओव्हन | १३ मार्च, सकाळी ९.३०

उकळलेल्या यीस्टचं मला माहीत नव्हतं. चिमूटभर म्हणजे अर्धा ग्रॅम धरा दादा, जास्त घातलं तर पुन्हा ब्रेडचा वास येईल.

---

वसनाकाठ | २४ मार्च, रात्री ८.५०

पाकिटं आली, एस-०४ आणि वॉस. कुरिअर पाच दिवस फिरत होतं, उन्हातून. एस-०४ कोमट पाण्यात शिंपडून अर्धा तास ठेवलं. पावाच्या यीस्टला येतो तसा फेस आलाच नाही. मेलं का?

---

सूक्ष्मदर्शक, सांगली | २४ मार्च, रात्री १०.०५

नुसत्या पाण्यात फेस येणार नाही, साखर नाही तर ते काय खाणार? फेस नाही म्हणून मेलं असं धरू नका. पण पाच दिवस ऊन लागलंय, तपासलेलं बरं.

प्रयोगशाळेत आम्ही मिथिलीन ब्ल्यूचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. जिवंत पेशीनं रंग आत घेतला तरी ती तो मोडून टाकते, पांढरी दिसते. मेलेली निळी पडते. गेल्या मे महिन्यात एक पाकीट असंच उन्हातून आलं होतं, काच सरकवत गेले तर निम्म्याहून जास्त निळ्या पेशी. पांढऱ्या पेशींपैकी काहींना लहान कळ्या फुटलेल्या, आईच्या कडेवर मूल असावं तशा. त्या कळ्या दिसल्या की मला दर वेळी बरं वाटतं.

तुम्ही घरी असं करा. अर्धी वाटी कोमट पाणी, एक चमचा साखर, चिमूटभर यीस्ट. पेल्यात ठेवा. तासा-दोन तासांत कडेला बारीक बुडबुडे आणि वर पातळ फेस आला तर जिवंत आहे. काही मेलं असेल तर मात्रा तीनऐवजी चार ग्रॅम करा.

---

वसनाकाठ | २४ मार्च, रात्री ११.५५

दीड तासात बुडबुडे आले. जिवंत आहे.

---

वसनाकाठ | ६ एप्रिल, दुपारी ४.२०

मंडळी, निकाल सांगतो. बारा लिटर पाक एकाच पातेल्यात केला. आलं तेच, साखर या वेळी लिटरला ऐंशी ग्रॅम, लिंबं दहा, उकळताना पावाचं यीस्ट अर्धा ग्रॅम. मग चार-चार लिटरचे तीन भाग. एकात पावाचं यीस्ट, एकात एस-०४, एकात वॉस. सगळं प्लास्टिकच्या बाटल्यांत, झाकणावर खडूनं प, ए, व.

प आणि व माजघरात, २९ अंश. ए घंगाळात ओल्या फडक्याखाली. पाण्यात थर्मामीटर सोडला होता, २१ ते २३ मध्ये राहिला. बर्फाच्या बाटल्या आईच बदलत होती, मी शेतावर असायचो. पंख्याची लाइट दोनदा गेली तेव्हा तिनं फडक्यावर तांब्यानं पाणी घातलं.

पावाचं यीस्ट वीस तासांत कडक. एस-०४ ला सदतीस तास. वॉसला पहिले चोवीस तास काहीच नाही, मग एकदम, तिसाव्या तासाला कडक. एकेक करून फ्रीजमध्ये टाकल्या, तीन दिवस तिथंच.

काल संध्याकाळी ओतल्या. एस-०४ ची बाटली प्रकाशासमोर धरली तर आरपार दिसत होतं. तळाला पांढरी पापडी, बाटली आडवी केली तरी हलली नाही. आल्याचा तिखटपणा आधी, मग लिंबू, गोडी शेवटी. ब्रेडचा वास अजिबात नाही. पावाच्या यीस्टची नेहमीसारखी गढूळ. वॉसमध्ये संत्र्याचा वास खरंच होता, पण झाकण उघडल्या उघडल्या काडी ओढल्यासारखा गंधक नाकात गेला. पेला दहा मिनिटं उघडा ठेवल्यावर तो उडाला.

आईनं तिन्हीतला एकेक घोट घेतला आणि ए चा पेला पुढं ओढला. पोरांना सोड्याचं केलं, त्यांना फरक कळला नाही.

---

कराडकर_लीड्स | ६ एप्रिल, संध्याकाळी ६.३०

वाचून फार आनंद झाला. वॉसला चोवीस तास लागले म्हणजे पोषण कमीच पडलं. अर्ध्या ग्रॅमचा एक ग्रॅम करून बघा, गंधक कमी होईल. आणि मे मध्ये पंख्यावर भरवसा ठेवू नका. हवा दमट व्हायला लागली की ओलं फडकं काम करत नाही, घंगाळातलं पाणी २६-२७ वर जाईल. तेव्हा वॉसच.

---

द्राक्षबाग_तासगाव | ६ एप्रिल, रात्री ८.४५

एस-०४ ची तळाची पापडी पुढच्या खेपेला विरजण म्हणून वापरता येईल का, असं कुणी विचारेल. मीच उत्तर देतो. स्वच्छ बाटलीतली असेल तर एकदा-दोनदा येईल, आठवड्याच्या आत. साखरपाण्यावर वाढलेलं यीस्ट अशक्त असतं, तिसऱ्या खेपेपासून आंबट किंवा औषधासारखा वास येऊ लागतो. वाइनरीत आम्ही नवं पाकीटच घ्यायचो.

---

निवृत्त_वाई | ७ एप्रिल, सकाळी ७.००

साखरेऐवजी गूळ चालेल का? आमच्याकडं काकवीही आहे.

---

सूक्ष्मदर्शक, सांगली | ७ एप्रिल, सकाळी ११.१५

चालेल काका, आणि यीस्टला आवडेल, कारण गुळात खनिजं असतात. काकवीत तर जास्तच. दोन गोष्टी सांभाळा. गूळ उकळून, मळी काढून, गाळून घ्या, त्यात माती आणि जिवाणू दोन्ही असतात. आणि आल्याचा वास गुळाखाली दबतो, म्हणून आलं दीडपट घाला. साखरेचा हिशोब तोच राहतो, गुळातली बहुतेक साखर ऊसाचीच, सगळी आंबते. बाटली प्लास्टिकची, बोटानं दाबून बघायची.

---

वसनाकाठ | ७ एप्रिल, रात्री ९.३०

काका, तुम्ही काकवी आणा, आलं माझ्याकडून. परवा वाईला येतोय, पाच किलो घेऊन येतो. जुनं आलं आहे, तिखट. कराडकर, तुमच्या आईंचा पत्ता मला वेगळा निरोप करून कळवा, त्यांच्याकडंही पोचवतो.